मोटारीच्या पाठीवर

वडगावात थंडी पडली की आधी तेल थिजतं,
मग आम्ही गोधड्या काढतो.

बाटलीत पांढरं, मेणासारखं.
पहिल्या हिवाळ्यात अनसा झाडूची काडी खुपसून बघत राहिली.
खराब झालंय, म्हणाली.
आमच्या माजाळीत तेल असं कधी गप्प बसलं नाही.

माजाळीत एकच डबा.
फोडणीला त्यातलं, केसांना त्यातलं,
समईत, बाळाच्या टाळूवर,
पोरगं पडलं तर कोपराला हळद कालवून त्यातलंच.
सासू बांगडे तळून उठायची
आणि हाताला राहिलेलं तेल तसंच पिंढऱ्यांना चोळायची,
हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडे तेलांच्या जाती ठरलेल्या.
खायचं ते शेंगतेल, घाण्यावरून कॅनात.
खोबरेल डोक्याचं: न्हाणीच्या कोनाड्यात निळी बाटली,
शेजारी चार दात पडलेला कंगवा.
पलीकडची मल्लव्वा त्याला कोब्री एण्णी म्हणते,
तिच्याही न्हाणीतच असते ती.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील.
तिनं माहेरच्या कॅनमधलं कढईत ओतलं.
मोहरी, कढीपत्ता, चवळीची उसळ.
धाकटा शट्टुप्पा पहिल्याच घासाला थांबला.
"डोसक्याचं तेल भाजीत घातलासा काय, वैनी?"
सगळे हसले.
मी जरा जास्तच.
नवा नवरा होतो, घर कुणाचं ते दाखवायचं होतं.

तिनं ताटं उचलली, मग कॅन उचलला.
माळ्यावर, घंगाळाच्या मागं.

नऊ वर्षं शेंगतेल.
रोज छान स्वयंपाक. खोटं कशाला बोलू.
फक्त शनिवारी रात्री केसांना लावायच्या आधी
ती तळव्यावर तेल घ्यायची आणि हुंगायची.
बराच वेळ.
मला वाटायचं, भेसळ बघते.

यंदा पौषात ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली.
फोनवर म्हणाली, टाचांना तेल लावा, रक्त येईपर्यंत थांबू नका.
कोनाड्यातली बाटली उलटी केली. थेंब नाही.
चुलीपाशी ठेवायची तर चूलच पेटली नव्हती.
म्हणून बाटली मागावर नेली,
मोटारीच्या पाठीवर ठेवली. ती कायम ऊन असते,
गाभण म्हशीसारखी.

खटाखट, खटाखट. सुताची कूस उडतेय.
अकराच्या सुमाराला तेल पातळ झालं
आणि वास सुटला, सैल बुचातून, वंगणाच्या वासावर चढून.
शेजारच्या मागावरून इमामसाबनं मान वर केली.
"कोण काय शिजवालंय रे?"

डोक्याचं नाही म्हणाला तो.
शिजवालंय म्हणाला.

घरी आलो. टाचा तशाच.
तवा ठेवला, वांग्याचे काप केले, जाडेभरडे,
मीठ जास्त झालं.
उभ्यानंच खाल्ले, गॅसपाशी,
बोटं चाटून.
उरलेलं तेल बोटांच्या भेगांत आपोआप शिरलं.
दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी अंडं.

ती आली ती संध्याकाळच्या बसनं.
पिशवी टेकवली, न्हाणीत गेली,
बाटली बल्बकडं धरून बाहेर आली.
तळाशी दोन बोटं उरलेलं.
मग माझं डोकं बघितलं. कोरडं, सुताची कूस अडकलेलं.
टाचा बघितल्या.
"गेलं कुठं एवढं?"

कढईत, मी म्हणालो.
खरं तर तव्यावर. पण तोंडातून कढईत आलं.

ती हसली नाही.
पदर खोचला, स्टूल ओढलं,
माळ्याखाली ठेवलं.
त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे.
तो मी धरला.