वादी

चुलता वादी होता
बांधाच्या खटल्यात, एकवीस वर्षं;
एकही तारीख चुकवली नाही.
इथे बहलाला वादी म्हणजे नदी,
अकरा महिने गैरहजर.

तटाला माती लिंपताना
उस्ताद खल्फान सांगतो:
शिड्या लावणारे आले,
आम्ही वरून दगड सोडले, गेले.
(आम्ही म्हणजे कोण, विचारलं नाही मी.)
ही एकदाच आली, रात्री,
कोपऱ्यावरचा बुरूज उचलून
खजुरांच्या बागेत नेऊन ठेवला.

मग?

मग काय. तिच्याच पात्रातून
माती खणून आणली,
भुसा घालून तुडवली,
बुरूज परत जागेवर.

आज माझ्या घमेल्यातही तीच आहे,
ओली, डोक्यावरून गळतेय मानेत.
प्रतिवादी ऊन खात उभा,
चिमण्या त्याच्या भोकांतून ये-जा करतात.
पुढची तारीख
खल्फानलाही ठाऊक नाही.