फिकट पिवळा

बाबांनी तीस वर्षं कॉटन ग्रीनच्या गोदामांत कीड मारली.
टोके, सोंडे, झुरळं;
उंदरांसाठी पिठाच्या गोळ्या वेगळ्या.
पाठीवर पितळी पंप, नाकाला रुमाल,
तोही घामाने भिजला की काढून खिशात.
घरी आले की लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे
आणि त्याच हातांनी माझ्या वेणीतला गुंता सोडवायचे.

मी परळला उंदीर पाळते.
पांढरे, गुलाबी शेपटीचे, भुशात झोपणारे.
कुडतरकरमामा त्यांना नंबराने हाक मारत नाहीत:
हा वेंगुर्ला, हा फोंडा, ती कोपऱ्यातली आडिवरे.
वजनाप्रमाणे मोजून मी त्यांना तेच पाजते
जे बाबांच्या पंपात असायचं.
डबा मी लांबूनच ओळखला.
पिवळा त्रिकोण.
आमच्या मोरीत त्यात दात घासायचे ब्रश असत.

कांद्याची सालं देते खानावळवाली चंपूताई,
कोलंबीची टरफलं भाऊच्या धक्क्यावरची हिरू तांडेल.
'ह्याचं काय करतंस गो?'
डोक्याचं औषध, म्हटलं.
'मग पैला तूच घे,' म्हणाली, आणि पाटी रिकामी केली.

सालीतून निघतो एक पिवळा गुण,
गंज चढू न देणारा.
टरफलातून, आठवडाभर उकळून-धुऊन, एक पांढरी पूड.
चुंबक फिरत राहतो, मी थेंब थेंब सोडते,
आणि कुठल्या तरी एका थेंबाला
पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं.
तेच. त्यातले कण इतके बारीक
की केसाच्या जाडीत पाचशे ओळीने उभे राहतील.
दरवेळी मी श्वास धरते. दरवेळी उगाच.

मेंदूच्या दारावर पहारा कडक असतो.
विषाला मात्र कुणी हटकत नाही,
ते गोडबोल्या पाहुण्यासारखं थेट माजघरात.
कांद्याचा गुण बिचारा उंबऱ्यावरच ताटकळतो.
म्हणून त्याला कोलंबीच्या कवचाचा अंगरखा,
आणि वाट नाकातून.

नाकातून, असं वहीत लिहिलं
आणि पेन थांबलं.

बाबांचा आधी वासच गेला होता.
दूध उतू जाऊन करपलं, धूर झाला,
हे खिडकीशी बसून पेपर वाचतायत.
आम्ही हसलो होतो.
मग सहीतल्या 'विश्राम'चा 'श्र' सुटत गेला,
मग शर्टाचं वरचं बटण,
मग चहा बशीत आधी, कपात नंतर.
त्या पंपामुळेच का? डॉक्टर खांदे उडवतात.
वयही असेल, म्हणतात. असेल.

शेवटच्या दिवशी कुडतरकरमामा रजा टाकतात.
भुलीचं औषध, मग कात्री, मग बर्फ.
आडिवरेचा मेंदू जांभळाच्या बीएवढा,
दोन ग्रॅमही नाही.
नळ्यांत रसायन घातलं की निरोगी मेंदू
हळदीच्या दुधासारखा रंगतो.
विषाचा, जवळजवळ पाणीच.
आणि आमच्या थेंबांचा
फिकट पिवळा.
मी नळी खिडकीपाशी नेली, ट्यूबलाइटखाली नेली,
मशीनचा आकडा तीनदा काढला.
फिकट, पण पिवळा.
सरांनी अहवालात लिहायला सांगितलं, 'काही अंशी'.
वर म्हणाले, हे उंदीर आहेत, विसरू नकोस.

रात्री बाबांनी विचारलं, 'किती मेले?'
चोवीस.
'सगळे?'
सगळे.
'आम्ही मोजत नव्हतो,' ते म्हणाले,
आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिले,
कुणा दुसऱ्याचा, हलणारा, मांडीवर ठेवलेला.

पिशवीत एक आख्खा कांदा राहिला होता.
मी तो कापला, त्यांना डोळे मिटायला लावले,
अर्धी फोड नाकाशी धरली.
'कांदा,' बाबा म्हणाले.
माझा हातच हलला. वास आला?
'नाही गं,' ते म्हणाले,
'डोळे झोंबले.'