वासे मोजणारी

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
माझं पोटच त्यावर चालतं.
हिल्मा निएमेलाच्या स्वयंपाकघरात
वेलदोड्याच्या वेणीपावाचा तुकडा कॉफीत बुडवून खाल्ला,
बोटं पुसली
आणि उठले तिच्या घराचे वासे मोजायला.

हॅनकॉक, मिशिगन. मार्च संपत आलाय,
बर्फ अजून खिडकीच्या कमरेला.
तांब्याच्या खाणीने कामगारांसाठी बांधलेलं घर,
खाण गेली, घर राहिलं.
न्हाणीघरात एक दांडा बसवायचाय, टबाच्या वर,
ऐंशीनंतर धरायला.
काउंटीच्या फॉर्मवर अट आहे : अडीचशे पौंड पेलावेत.
फॉर्म लिहिणाऱ्याला कोण सांगणार,
दांडा काही पेलत नाही.
पेलतो तो मागचा, न दिसणारा.
नुसत्या प्लास्टरात मारलेला स्क्रू
पाहुण्याच्या आग्रहासारखा,
भार टाकेपर्यंत घट्ट.

यंत्र आहे माझ्याकडे, पिवळं, पिंपिं करणारं.
नव्या घरांत खरं बोलतं.
इथे प्लास्टरमागे लाकडी पट्ट्या, पट्ट्यांना शेकडो खिळे,
ते जागोजाग हो म्हणत सुटलं.
सगळ्याला हो म्हणणाऱ्याचं काय करायचं?
खिशात टाकलं.

मग जुनी रीत. बोटाचं पेर आणि कान.
भिंतीला कान असतात म्हणे,
मला तर नेहमी तिचा घसा ऐकू येतो.
ढब. ढब. ढब.
ठक.
पेन्सिलची रेघ.
दोऱ्याला बांधलेला चुंबक वरून सोडला,
तो झुलत झुलत थबकला, चिकटला,
सोडवला, जरा खाली पुन्हा चिकटला :
खिळ्यांची उभी ओळ. हा पहिला वासा.
इथले सुतार सोळाचाच पाढा शिकतात.
सोळा इंचांवर ठक.
बत्तीसवर ठक.
आणि अठ्ठेचाळीसची वाट बघत असताना
एक्केचाळीसलाच ठक,
लगेच खेटून आणखी एक ठक.

पुढे ढब, ढब, बराच वेळ ढब,
मध्ये एकटाच एक,
पुन्हा ढब,
आणि मग पुन्हा जोडी.
टबाच्या काठावर चढून वर ठोकलं :
आडवं, जाड, भरीव,
या जोडीपासून त्या जोडीपर्यंत.

वासे जोडीने कुठे उभे करतात
हे मला कुणी सांगायला नको.
जिथे खाली मोकळं सोडायचं असतं तिथे.

"इथे दार होतं का हो?"

हिल्मा उंबऱ्याशी उभी होती, हातात माझाच कप.
"रॉडनीची खोली होती ही. आमच्या खोलीतून दार.
रात्री त्याला खोकला यायचा."
कप या हातातून त्या हातात.
"ओन्नीने बुजवलं. एका रविवारी.
रविवारी तो हातोडीला हात लावत नसे."

मी टेप उलगडली. वाचली. परत वाचली.
जोडीपासून मधल्या एकट्यापर्यंत
सोळा. नेमके सोळा.
दार बुजवतानाही
पाढा चुकला नव्हता त्याचा.

बारीक खिळा मारून खात्री केली :
आधी भुसभुशीत पांढरं, मग पोकळी,
मग तो विरोध, लाकडाचा, कोरडा, पिवळट भुसा.
एक टोक चौकटीच्या खांबात,
दुसरं त्या एकट्यात.
ड्रिल थांबल्यावर घर फार शांत झालं.

"डाव्या खांबात मारलास की उजव्या?"
"डाव्या."
"बिजागऱ्या डावीकडेच होत्या," ती म्हणाली.

मी फॉर्म भरत होते. भिंतीचा प्रकार,
स्क्रूची लांबी, सही.
ती स्वेटर-मोज्यांसकट कोरड्या टबात उतरली,
दांडा धरला,
आणि अडीचशे पौंड वगैरे काही न करता
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार
जसं आवाज न करता ढकलावं
तसं एकदा, हलकेच, दाबून पाहिलं.