चौसष्टाला एक

दिंडोरी रोडवर, म्हसरूळच्या अलीकडे,
पत्र्याच्या लांब शेडमध्ये आम्ही नद्या बनवायचो.
खऱ्या नद्यांच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या:
विटा, सिमेंट, तीनदा चाळलेली वाळू
आणि पाणी मोजायला पितळी पट्टीतली खाच.
सांडव्याखाली पुढे काय होईल
ते आधी इथे कळायचं, घोटाभर पुरात.

पुंजाराम गांगुर्डे, मॉडेल मिस्त्री.
डब्यात नागलीची भाकर, खुरासणीची चटणी,
करणी कायम कमरेला.
पार शेवटच्या कोपऱ्यात, मोडक्या पंपापाशी,
उरलेल्या मालातून त्यांनी एक नदी केली होती
जिच्यावर कुठलीच योजना नव्हती.

"निसवा," म्हणाले.
"कणीस निसवतं ना, तशी डोंगरातून निघते."

मी नवी, कनिष्ठ अभियंता, कोऱ्या वहीसकट.
उगमापासून मला हिंडवलं त्यांनी, चार पावलांत:
हा बाळंतिणीचा डोंगर.
एका थंडीत शेडच्या कुत्रीने इथे पाच पिल्लं घातली,
सिमेंट ओलं होतं. पंजांचे ठसे राहिले,
तिथली माणसं त्यांना टाकी म्हणतात.
हा घोणसगड. हा खिळदरा, चिंचोळा.
आणि खाली तीनचुली,
तिसऱ्यांदा वसलेलं गाव.

तिसऱ्यांदा का?

"पाणी सोडल्यावर कळतं ना ताई,
कुठे बसायला नको होतं."

इतिहास त्यांनी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिला होता.
शक नाही, सन नाही.
'मोठ्या नळाचा पूर', व्हॉल्व्ह अडकला ती रात्र.
'चोपन्न दिवस कोरड', कर्मचाऱ्यांचा संप.
'घोणसगड पडला',
पाहणीला आलेल्या साहेबांची मागे सरताना टाच लागली.
गड त्यांनी परत उभारला नाही.
"पडलेला पडलेलाच राहू द्यावा.
लोकांना दाखवायला होतो."

त्याच साहेबांनी विचारलं होतं, ही कुठली स्कीम?
"कुठलीच नाही, साहेब."
साहेब वाकले. खिळदऱ्यात दोन बोटं आडवी धरली,
एक डोळा मिटला.
"साइट चांगली आहे."

मिस्त्री हसले नाहीत.
सुटीची घंटा झाल्यावर मागे थांबले
आणि करणीच्या मुठीने दऱ्याचा डावा कडा
ठोकत, थांबत, ठोकत एवढा रुंद केला
की तिथे कुणालाच काही बांधावंसं वाटू नये.
नोंद: 'दरड कोसळली. माणूस दगावलं नाही.'

लांबी चौसष्टाला एक, पण वेळ आठाला एक.
वर्गमुळाचा हिशेब मीच त्यांना समजावला,
मॉडेलात काळ भराभर जातो म्हणून.
ते पेरं मोजत राहिले.
"मग माझी एकतीस वर्षांची नोकरी?"
दोनशे अठ्ठेचाळीस, मी म्हणाले.
"तरीच. एवढ्यात तीन गावं व्हायचीच."

आता नद्या पडद्यावर वाहतात,
निळ्या, तांबड्या, हात ओला न करता.
शेडमध्ये गाड्या लागतात. निसवेवर पेव्हर ब्लॉक.
तोडकामाच्या दिवशी मी रजा टाकून गेले
आणि बाळंतिणीच्या डोंगराचा एक तुकडा
स्कूटीच्या डिकीत घालून आणला.
बाल्कनीत कुंडीखाली आहे.
जास्तीचं पाणी टाक्यांत साठतं,
दुपारी एक साळुंकी येऊन पिते.
तिथल्या मापाने केवढी मोठी असेल ती.

मिस्त्रींना जाऊन नऊ वर्षं झाली.
नऊ आठे बहात्तर.
तीनचुलीत त्यांना पाहिलेलं कुणी उरलंच असेल
तर फार थकलेलं असेल.
सांगत असेल पोरांना,
पोरांना खरं वाटत नसेल,
की पत्र्याच्या आभाळाखाली एक माणूस होता,
चावी फिरवायच्या आधी तो
दोनदा खोकायचा,
पाणी येतंय म्हणून.