छाट

हलकुडे सरांनी शुक्रवारी तीन गणितं दिली.
पहिलं सुटलं. दुसरं असं :
चारचा क्ष घात,
वजा सहा गुणिले दोनचा क्ष घात,
वजा सोळा,
बरोबर शून्य.

विडी घरकुलात लाईट गेलेली.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप.
ओल्या फडक्यातनं पान, फर्म्याला लावून कात्री,
चिमूटभर तंबाखू, वळण, दुमड, दोरा.
ती तेलुगूत मोजते, मी मराठीत.
मेणबत्ती दोघींत एक.

दोनच्या क्ष घाताला य म्हटलं
की चारचा घात आपोआप य-वर्ग होतो.
मला हे आवडतं :
परका वाटणारा माणूस टोपी काढतो
आणि आपल्याच गल्लीतला निघतो.
य-वर्ग, वजा सहा य, वजा सोळा.
अवयव पडले.
य आठ, नाहीतर य उणे दोन.

आठ म्हणजे दोनचा घन. क्ष तीन.
आणि उणे दोन?
मी उणेचं चिन्ह खालून उचललं
आणि घाताच्या डोक्यावर ठेवून दिलं,
कुणी बघत नाही असं बघून.
क्ष उणे एक. खाली दोन रेघा.

"झालं?"
"झालं."
"घालून बघितलीस का?"

आई चौथीपर्यंत शिकली. क्ष तिच्या ओळखीचा नाही.
तिला एवढं ठाऊक,
वळलेली विडी सुपात टाकण्याआधी
अंगठ्यानं एकदा दाबून बघायची.

तीन घातला :
चौसष्ट, वजा अठ्ठेचाळीस, वजा सोळा.
काही उरलं नाही.
"मूडु," मी तिच्या भाषेत सांगितलं. ती हसली.
मग उणे एक घातला :
पाव, वजा तीन, वजा सोळा.
उणे पावणेएकोणीस.
शून्याच्या जागेवर एवढं मोठं काहीतरी
पाय पसरून बसलेलं.

"काय खोडलालीस इतकं?"
मी ओळ ओळ वर चढत होते.
चिन्ह सापडलं, ठेवलं होतं तिथंच.

दोनला घेऊन कितीही खाली उतरा, सर म्हणाले होते,
अर्धा होईल, पाव होईल,
नवटाक, छटाक,
त्याच्याखाली ज्याला नावच नाही असं काहीतरी,
पण शून्याला शिवणार नाही.
शून्याच्या पलीकडचं सोडाच.
म्हणून य उणे दोन बाद.
आणि बाद केलं की शेजारी कारण लिहायचं,
नाहीतर अर्धा मार्क गेला.
मी लिहिलं :
दोनचा कोणताही घात ऋण नसतो.

शनिवारी आईसोबत कारखान्यात गेले.
यल्लप्पा चेकर, चष्मा कपाळावर.
हजार विड्या, चाळीस कट्टे.
त्यानं वरनं हात फिरवला, फोनवर बोलता बोलता,
आणि दोन कट्टे, वर पंधरा,
छाटीच्या टोपलीत.
एकही दाबून बघितली नाही.
आई टोपलीकडं बघत नव्हती,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

कार्डावर त्यानं लिहिलं : छाट ६५.
"कारण?" मी विचारलं.
"कारण कसलं? छाट म्हणजे छाट."
मी त्याचंच पेन घेतलं,
पासष्टच्या शेजारी लिहिलं "कारण",
पुढं दोन टिंबं,
आणि जागा मोकळी सोडली.
त्यानं न वाचता खाली सही ठोकली.

परत येताना ऊन बेचाळीस.
आई रिकामं सूप डोक्यावर धरून,
सावली तिच्यापुरतीच,
तरी अर्धी माझ्याकडं कललेली.

"ते तिसरं सुटलं का?"
"सुटलं. नऊचा घात, वजा चार गुणिले तीनचा घात,
अधिक तीन."
"किती आली उत्तरं?"
"दोन. एक शून्य, आणि एक एक."
"घालून बघितलीस?"
"दोन्ही बसली."

ती चार पावलं गप्प चालली.
"मग त्यात छाट नाही म्हण."