खिळे

लिफ्टमध्ये तीननंतर थेट पाच.
चारचा उच्चार इथे मरणासारखा होतो, म्हणून तो मजलाच नाही,
स्वागतकक्षातल्या मुलाने सांगितलं
आणि चावीऐवजी एक काळा खडा हातावर ठेवला.
तो जवळ नेला की दार
विचार केल्यासारखं थोडं थांबून उघडतं.

खोली सुंदर आहे, यात वाद नाही.
भिंतींना गिलावा नाही; आमच्याकडे बिल्डरला कोर्टात खेचलं असतं.
न्हाणीला काच. काचेला पडदा नाही.
खुर्ची अशी, की बसावं का तिची माफी मागावी कळेना.
कपाट शोधताना मी तीन दरवाजे उघडू पाहिले.
ते दरवाजे नव्हते.

दिवसभर मी सुया विकल्या होत्या,
तैपेईच्या प्रदर्शनात, तिसऱ्या दालनात, खांबाआडच्या टेबलाशी.
कारखान्यातल्या शिलाई यंत्रांच्या सुया. चामड्याच्या वेगळ्या.
पाय भरून आले होते. फक्त दिवा मालवायचा होता.
दिव्याला बटण नव्हतं.
टाळी वाजवून पाहिली. खडा दाखवून पाहिला.
शेवटी मराठीत म्हटलं, विझ गं बाई आता.

साडेअकराला ल्याव युए-श्या आली.
साठीची, करडा गणवेश, पायात मात्र घरच्या सपाता.
उशाशी असलेली भिंत शिशाच्या खिळ्यांनी मढवलेली,
छापखान्यातले जुने खिळे, हजारोंनी, तोंडं खोलीकडे;
मी त्यांना नक्षी समजत होते.
तिने न बघता त्यातला एक दाबला.
अंधार.
मग पुन्हा दाबला,
कारण तिला काही बोलायचं होतं.

ती फोनशी बोलली, फोन माझ्याशी:
इथे छापखाना होता. लग्नपत्रिका, पंचांगं,
औषधाच्या पुड्यांवरच्या सूचना.
वडील इथेच कामाला. 'अक्षरं उचलणारा', फोन म्हणाला.
आमच्याकडे जुळारी म्हणतात, पण मी मध्ये बोलले नाही.
जन्मभर उलटं वाचलं त्यांनी,
सकाळचा पेपर वाचताना अडखळायचे.

या भिंतीवर लिहिलंय काय, मी विचारलं.
ती हसली. काही नाही.
दिसायला बरे ते लावलेत.
हे मीठ. शेजारी कर्ज. मग बैल, बैल, बैल.
हा तर डोक्यावर उभा ठोकलाय.
बाबांनी पाहिलं असतं तर रात्रभर बसून
सगळे काढून परत खणांत टाकले असते.

मग पलंगावर गुडघा टेकून,
तिनेच दुपारी ताणून घातलेली चादर चुरगाळत,
तिने खालच्या रांगेतला एक दाखवला.
वरती पाऊस आहे, बघ. खाली बाकीचं.
संध्याकाळी ढगांना चढतो तो रंग.
माझ्या नावात शेवटी हाच.
फार लागत नाही, मुलींची नावं छापायला तेवढा.
बाबांकडे दोनच होते.
दुसरा?
तिने खांदे उडवले. वितळवला असेल.
पाचवा मजला मी मागून घेतला, ती म्हणाली,
पगार तोच.

जाताना बटण पुन्हा दाखवून गेली:
मीठ.

मीठ दाबलं. अंधारात
सुईचं टोक तपासायची सवय असलेला अंगठा
खालच्या रांगेतून चाचपत गेला,
दुसरा, तिसरा, चौथा. इथे चौथा होता.
त्यावर अंगठा बराच वेळ दाबून धरला.
काही लागलं नाही, काही विझलं नाही.

सकाळी अंगठा कोरा. असणारच.
स्वागतकक्षातल्या मुलाने खडा मोजून परत घेतला,
मुक्काम कसा झाला विचारलं, पाचपैकी.
मी म्हटलं, तो दिवा जरा…
हो, तो म्हणाला,
सगळे तेच सांगतात.