पाऊण

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आज एकोणीस गाड्या.
विश्वामित्री उतरून सहा दिवस झाले,
तरी दार उघडलं की आधी वास बाहेर येतो,
मग मी आत डोकावतो.

टेप काढतो. गाळाची रेघ शोधतो.
गालिच्यापर्यंत पाणी: धुऊन वाळवून चालेल.
सीटपर्यंत: बघू.
डॅशबोर्डला टेकलं असेल
तर तारांच्या जुडग्यांवर हिरवट बुरा चढतो
आणि तो आज बोलत नाही,
दिवाळीनंतर बोलतो,
भर हायवेवर.

बारावी गाडी कुमुदबेन वैष्णवांची.
राखाडी, वडसरची, नऊ वर्षांची.
रेघ स्टिअरिंगच्या जरा खाली.
मागच्या काचेपाशी एक छत्री,
अजून कोरडी.

नियम साधा आहे.
दुरुस्तीचा आकडा विम्याच्या रकमेच्या पाऊण भागावर गेला
की गाडी दुरुस्त करायची नाही.
मालकाला पैसे, भंगारवाल्याला सांगाडा, फाईल बंद.
पाऊणच्या आत राहिला तर पाने-पक्कड.
माझ्या वडिलांना पाऊणकी पाठ होती,
दांडिया बाजारात पेढीवर बसून
गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत हिशेब सांगायचे.
मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबतो.

तीन लाख वीसचे पाऊण, दोन लाख चाळीस.
यासीन मिस्त्रीचा अंदाज, दोन लाख सेहेचाळीस.
म्हणजे सहा हजारांनी गाडी मेली.
ह्या सहा हजारांत कुमुदबेनचं भलं होतं.

पण त्यातले अठ्ठावन्न हजार इंजिनाचे.
आणि इंजिन आलं की एक प्रश्न मला विचारावाच लागतो:
पाणी आत असताना किल्ली फिरवली होती का?
नसेल, तर पुराने बिघडवलं.
फिरवली असेल, तर तुम्ही.
पुराचं कंपनी देते.
तुमचं तुमच्याकडे.

मी विचारलं.
त्यांच्या पाठीमागे उभा यासीन
काळं बोट डावी-उजवीकडे हलवत होता,
ना, ना, ना.
मी ते बघितलं नाही, असं मी बघत होतो.

कुमुदबेननी चष्मा पदराला पुसला.
‘फेरवली ने. एकदा. घर्र झालं, मग काही नाही.
किल्ली आणखी कशाला असते, भाऊ?’

‘नक्की? आठवून सांगा.’
हे विचारायचं कारण नव्हतं.

‘छत्तीस वर्षं रसायनाच्या लॅबमध्ये होते मी.
रीडिंग आवडलं नाही
म्हणून पोरं ब्युरेटकडे पुन्हा पुन्हा बघायची.
तुम्ही तसं बघताय.’

वजा अठ्ठावन्न.
एक लाख अठ्ठ्याऐंशी.
पाऊणच्या पुष्कळ आत.
यासीनने पाना टेबलावर ठेवला,
ठेवला म्हणजे टाकला.

मी समजावून सांगितलं:
इंजिन तुमच्या पदरचं.
रबर, प्लास्टिक, त्याचे निम्मे तुमचे.
काचेचे सगळे कंपनीचे, पण काच फुटलेली नाही.
एक अक्षर कमी बोलला असतात
तर तीन लाख घरी गेले असते,
हे मात्र सांगितलं नाही.
त्यांना ते ठाऊक असावं.
त्या यासीनच्या बोटाकडे
बाजूच्या काचेतून बघत होत्या.

‘म्हणजे भंगारात नाही ना जाणार?’
‘नाही.’
‘मग झालं.’
सही केली, मोठी, वळणदार,
बाटल्यांवरच्या लेबलांवर करतात तशी.
मागचं दार जोर लावून उघडलं,
छत्री काढली, सवयीने झटकली,
आणि रिक्षा बघायला गेटकडे गेल्या.

तेराव्या गाडीचा मालक
मी टेप उलगडायच्या आधीच म्हणाला,
‘साहेब, किल्लीला हातसुद्धा लावलेला नाही.’

मी म्हटलं, बोनेट उघडा.